ठिपक्यांच्या आड

खैरलांजीला मामीकडे गेलं की एकदा तरी तिच्यासोबत ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या कियोस्कवर जाणं होतंच. बालाघाट जिल्ह्यातलं हे तहसीलचं गाव. महाराष्ट्राची हद्द जवळ, त्यामुळे मामीच्या घरात मराठी, गल्लीत पोवारी आणि कचेरीत हिंदी.

या खेपेला काम होतं नातवाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचं. नातू बाहेरगावी, पासवर्ड मामीच्या पदराच्या गाठीतल्या चिठ्ठीवर. दुकानात सातआठ माणसं रांगेत. कीबोर्डवर बसलेला पोरगा म्हणाला, "पासवर्ड बोलो, अम्मा." मामीनं चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून ठणठणीत आवाजात वाचला: नातवाचं नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन. रांगेतल्या सगळ्यांनी तो ऐकला. पडद्यावर मात्र नुसते काळे ठिपके.

पासवर्ड चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. मामीला वाटलं, चिठ्ठीच चुकीची. मी पोराला त्या रकान्यातल्या डोळ्याच्या खुणेवर क्लिक करायला सांगितलं. ठिपक्यांची अक्षरं झाली आणि कळलं, कॅप्स लॉक चालू होता. ज्यांच्यापासून लपवायचं त्या सगळ्यांना पासवर्ड पाठ झालेला आणि टाकणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, असा तो प्रकार.

ही लपवाछपवी साठ वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1961 मध्ये फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच संगणकावर अनेकांना काम करू देणारी यंत्रणा उभी केली आणि ज्याच्या त्याच्या फायली जपण्यासाठी पासवर्ड आला. तेव्हा पडदे नव्हते. टाइपरायटरसारखं यंत्र कागदावर छापायचं. म्हणून पासवर्ड टाकताना छपाई थांबवत. काही यंत्रांना ते जमत नसे. ती आधी एकाच जागी अक्षरावर अक्षर छापून काळा डाग करत आणि त्या डागावर पासवर्ड टाइप होई. इतकं जपूनही 1966 मध्ये तिथे फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर सगळ्यांच्या पासवर्डची यादी आली. आज नीट बांधलेल्या यंत्रणेत मूळ पासवर्ड ठेवतच नाहीत. गणितानं त्याचं असं रूप करून ठेवतात, की त्यावरून उलट मागे येता येत नाही.

कियोस्कवर मात्र वही होती. अर्ज भरून झाल्यावर पोरानं ती उघडली आणि नाव, मोबाइल, पासवर्ड अशा रकान्यांत मामीची ओळ लिहिली, "अगली बार परेशानी नहीं होगी." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी खात्रीनं सांगते. पण पानभर नावं होती आणि बऱ्याच ओळींच्या शेवटी तेच ॲट-एक-दोन-तीन.

हीच मामी किराणा दुकानात यूपीआयचा पिन टाकताना पाठ फिरवून उभी राहते. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. मग पासवर्ड का सांगितला? "तो थोडीच पैशाचा आहे?" म्हणाली. शिष्यवृत्तीच्या पैशांचा अर्ज त्याच पासवर्डाच्या खात्यातून जातो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला मनापासून राग आला, तिचा नव्हे.

पासवर्ड लपवलाच पाहिजे, असं सगळे मानत नाहीत. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 2009 मध्येच ठिपके काढून टाका, असं लिहिलं होतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेनं 2017 मध्ये पासवर्ड बघण्याची सोय द्या, अशी शिफारस केली. अवघड चिन्हांपेक्षा तिचा भर लांबीवर. तेच धरून रात्री नातवाला फोन लावून आम्ही पासवर्ड बदलला. त्यासाठी मामीनं घरातल्याच, एकमेकींशी संबंध नसलेल्या चार वस्तूंची नावं निवडली. कॅलेंडरमागे तिनं 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लिहून ठेवला.

अर्जाला एक कागद जोडायचा राहिला होता. सकाळी परत गेलो. मामीनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला, रांगेकडे पाठ केली, डोळा उघडा ठेवून एका बोटानं अक्षरं लावली आणि मग डोळा बंद केला. नंतर वही मागितली. पोरानं तिची ओळ पेनानं खोडली.

मामी वाकून बघत म्हणाली, "अजून. दिसते आहे."

त्यानं अजून गिरवलं.