किती तास लिहिले?

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या आमच्या पिढीला घड्याळाआधी भोंगा कळायला लागला. कुणाचे वडील टेल्कोत, कुणाचे बजाज ऑटोत, कुणाचे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये. ते फर्स्ट शिफ्टला असले की पहाटे घरात डब्याची गडबड. नाइट करून आले की दुपारभर आम्ही पोरं आवाज न करता वावरायचो. कार्ड पंच झालं की वेळ कंपनीचा, परतीच्या बसमधून उतरले की घरचा. किती तास काम केलं, हा प्रश्न वडिलांना घरी कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर कार्डावर छापलेलं असायचं.

आम्ही संगणकात गेलो आणि हे उत्तर आमचं आम्हालाच लिहायची वेळ आली. हिंजवडीच्या मोठ्या कंपन्यांत स्वाइप कार्डं होती, पण अमेरिकेतल्या ग्राहकाला तुम्ही दारातून कधी आत आलात याच्याशी देणंघेणं नव्हतं. त्याला बिल तासांवर जायचं, त्यामुळे कुठल्या कामाला किती तास लागले ते हवं असायचं. आमच्यातले बरेच जण तर कोथरूड, एरंडवण्यातल्या छोट्या कंपन्यांत होते. टू बीएचके फ्लॅटचं ऑफिस, हॉलमध्ये आठ-दहा टेबलं, किचनच्या ओट्यावर राउटर आणि बेडरूममध्ये मालक. तिथे टाइमशीट म्हणजे एक्सेलची फाइल. ती मेलवरून फिरायची आणि नावाला ‘फायनल’, मग ‘फायनल न्यू’, मग ‘फायनल न्यू 2’ अशी शेपटं फुटत जायची. शेवटी कुठल्या फाइलवरून बिल गेलं ते देवालाच ठाऊक.

त्यातून सुटका करणारी सॉफ्टवेअर विकत मिळायची, पण माणशी डॉलरमध्ये. मालक आकडा ऐकून हसायचे. मग कुणीतरी फुकटातलं शोधून आणायचं. बग नोंदवायला मोझिलाचं बगझिला होतं, मँटिस होतं. कामांची आखणी करायला पीएचपीत लिहिलेलं डॉटप्रोजेक्ट होतं. पायथनमधलं ट्रॅक होतं, ज्यात तिकिटं, म्हणजे नोंदवलेली कामं, आणि विकी शेजारी शेजारी नांदत. टेबलाखाली पडलेल्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स चढवायचं आणि त्यावर हे सगळं. लिनक्सच्या सीड्या ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर यायच्या. उबुंटूची सीडी तर वेबसाइटवर पत्ता भरला की परदेशातून पोस्टानं घरी यायची, एक पैसाही न घेता. ही सोय 2011 पर्यंत होती. पोस्टमननं दिलेलं ते पाकीट उलटसुलट करत सासूबाईंनी विचारलेलं आठवतं, “अगं, फुकट देतात तर त्यांचं पोट कशावर चालतं?” हा प्रश्न पुढे मोठमोठ्या परिषदांतही ऐकला. उत्तर दोन्हीकडे लांबलचकच मिळालं.

मग आलं रेडमाइन. झाँ-फिलिप लाँग या फ्रेंच प्रोग्रामरनं 2006 मध्ये ते प्रसिद्ध केलं, जीपीएल परवान्याखाली. म्हणजे वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या. ते रुबी ऑन रेल्सवर लिहिलेलं होतं, आणि रेल्स स्वतः 2004 मध्ये बेसकँप या विकाऊ प्रोजेक्ट मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या पोटातून बाहेर पडलेलं. चढवताना मात्र घाम फुटायचा. रेल्सची अमुकच आवृत्ती हवी, अमुक जेम हवं, एक जुळवलं की दुसरं बिनसायचं. शनिवारची दुपार त्यात गेली की संध्याकाळी ब्राउझरमध्ये ते निळं, साधं पान उघडायचं. नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन. आत गेलो की आधी पासवर्ड बदलायचा, हा शिरस्ता.

दिसायला त्यात काही नव्हतं. कामाचे तीन प्रकार: बग, फीचर, सपोर्ट. प्रत्येक कामाला नंबर, कुणाकडे सोपवलं त्याचं नाव, शेवटची तारीख आणि किती टक्के झालं ते, दहादहाच्या टप्प्यांनी. तारखा भरल्या की गँट चार्ट आपोआप उभा राहायचा. झालेलं हिरवं, रखडलेलं लाल. हेन्री गँटचं नाव ज्या आलेखाला लागलं तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कारखान्यांसाठी रूढ झाला, म्हणजे मुळात तो वडिलांच्या जगातला. आमच्याकडे तो लाल रंगासाठीच प्रसिद्ध होता. आणि प्रत्येक कामाखाली ‘लॉग टाइम’. तिथे दीड तास 1.5 लिहा, 1:30 लिहा किंवा 1h30m लिहा, बिचारं सगळं समजून घ्यायचं.

शुक्रवारी संध्याकाळी मात्र ऑफिसात परीक्षेच्या हॉलसारखी शांतता पसरायची. सोमवारी काय केलं होतं? मेल चाळा, कोडची नोंदवही बघा, शेजारच्याला विचारा. रेडमाइन सोबत घेऊन यायचं ते वेळेचे दोनच प्रकार, डिझाइन आणि डेव्हलपमेंट. त्यात वीज गेल्यावर यूपीएसची शिटी ऐकत बसलेला अर्धा तास कुठे बसवायचा? ग्राहकाच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेली सकाळ? चतुःशृंगीजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद करून डोक्यात सुटलेला बग? प्रत्येक टीममध्ये कुणीतरी मुरलेला असायचा. तो सांगायचा, एकदम आठ लिहू नकोस, साडेसात लिही, खरं वाटतं. वडिलांचे तास यंत्र छापायचं. आमचे तास आम्ही आठवून लिहायचो, आणि आठवून लिहिलं की थोडी कथा येतेच. तरीही त्यात उघड खोटं फारसं कुणी लिहीत नसे. आपल्या शब्दावर कुणीतरी बिल पाठवतंय, ही जाणीव पुरेशी होती.

घरांनाही हळूहळू ही भाषा लागली. बीएसएनएलचं ब्रॉडबँड 2005 मध्ये आलं आणि ऑफिस दिवाणखान्यात शिरलं. संध्याकाळचा कॉल न्यूयॉर्कच्या सकाळी दहाला. उन्हाळ्यात ते आपले साडेसात. नोव्हेंबरात तिकडचे लोक घड्याळ तासभर मागे घेत, की आपले साडेआठ. अमेरिकेनं 2007 पासून हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी नेला, म्हणजे बहुधा आमच्या दिवाळीच्या आगेमागे. त्या आठवड्यात पुण्यातल्या कितीतरी घरांत जेवणं तासभर सरकायची. कुकर उशिरा लागायचा, मुलं आजीच्या ताटात जेवून घ्यायची, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळीचं गणित बदलायचं. ते घड्याळ आपल्या गावचं नव्हतं, पण त्याची तारीख सासूबाईंना पाठ होती. कालनिर्णयवर त्या चौकटीत त्यांनी पेननं लिहून ठेवलेलं असायचं: ‘जेवण 9.30’.

आज ही सॉफ्टवेअर पुष्कळ गुळगुळीत झाली आहेत. बहुतेक दरमहा, दरमाणशी भाड्यानं मिळतात. काही तर तुम्ही कीबोर्डला किती हात लावला ते मोजतात, स्क्रीनचे फोटो काढतात. रेडमाइनही आहे; 2024 मध्ये त्याची सहावी आवृत्ती आली. मधल्या काळात त्याच्या गोतावळ्यात भाऊबंदकीही झाली. 2011 मध्ये काही मंडळींनी चिलीप्रोजेक्ट वेगळं काढलं आणि त्यातून पुढे ओपनप्रोजेक्ट उभं राहिलं. घराची वाटणी झाली की एकाकडे ओसरी जाते, दुसऱ्याकडे परसू. इथे वेगळे झालेले सगळेच अख्खं घर घेऊन निघाले आणि मूळ घर जागेवरच राहिलं. जीपीएल परवान्याची ही करामत आम्हाला तेव्हा गृहीतच वाटायची. आमच्यातल्या एकानं भाषेची फाइल उघडून ‘ओव्हरड्यू’च्या जागी ‘रखडलं’ लिहिलं होतं. ती कंपनी बंद होईपर्यंत तिथे तेच दिसायचं, आणि त्यासाठी कुणाचीही परवानगी लागली नव्हती.

घरात मात्र रेडमाइनचा खरा उपयोग आम्ही एकदाच केला, धाकट्या दिराच्या लग्नात. त्या काळात असा उद्योग करणारे आम्ही एकटे नव्हतो. कुणी घराच्या नूतनीकरणाचं प्रोजेक्ट उघडलं होतं, कुणी मुलाच्या मुंजीचं. आम्ही हॉल, केळवणं, याद्या, रुखवत, आहेर, परतीच्या गाड्या अशी सगळी तिकिटं केली. भूमिका वाटल्या. मॅनेजर सासरे, कंपनीत सुपरवायझर होते, त्यांना ते आवडलं. नवरा आणि दीर डेव्हलपर. मामांना रिपोर्टर केलं, म्हणजे त्यांनी फक्त तक्रार नोंदवायची. मामांनी त्या अधिकाराचं सोनं केलं. ‘पत्रिकेत माझं नाव तिसऱ्या ओळीत’ हा बग, प्राधान्य: इमिजिएट. गँट चार्टची प्रिंट फ्रिजवर लागली. येता-जाता नातेवाईक तो पंचांगासारखा वाचायचे आणि ‘ब्लाउज शिलाई’ लाल का, याची चौकशी करायचे.

लग्न पार पडलं. पूजेनंतरच्या निवांत संध्याकाळी नवऱ्यानं हौसेनं रिपोर्ट काढला, कुणी किती तास दिले त्याचा. रेडमाइनमध्ये ते दोन क्लिकचं काम. दीर पहिला, नवरा दुसरा, मी तिसरी. सासरे चौथे, कारण ते प्रत्येक फोन पाच मिनिटांच्या हिशेबानं लिहायचे. सगळे हसत होते. सासूबाईंनी चष्मा लावला, यादी वरून खाली वाचली आणि विचारलं, “यात मी कुठे आहे?”

त्यांना लॉगिनच दिलेलं नव्हतं. फराळ, पाहुण्यांची अंथरुणं, दोन महिने रोजचा वीस माणसांचा चहा, आमच्या मुलीचा अभ्यास: यातलं एकही तिकीट कुणी उघडलं नव्हतं. आणि मुलीचा अभ्यास तर लग्नापुरता नव्हता. आम्ही दोघं गेली कित्येक वर्षं साडेसातचे आणि साडेआठचे कॉल करत होतो, आणि त्या तासांचं बिल डॉलरमध्ये जात होतं, ते त्या मुलीला जेवू घालून झोपवत होत्या म्हणून. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत हे असंच होतं. अर्ध्या-अर्ध्या तासाचा हिशेब ठेवणाऱ्या पिढीच्या हिशेबात हे तास कुठेच आले नाहीत.

नवऱ्यानं तिथल्या तिथे त्यांच्या नावानं खातं काढलं आणि विचारलं, “आई, सांग, किती तास लिहू?”

सासूबाई बोटांवर मोजायला लागल्या. महिन्याशी पोचल्या आणि थांबल्या. चष्मा काढून म्हणाल्या, “तास राहू दे. बिल कुणाच्या नावानं फाडतोस ते आधी सांग.”

सासरे मॅनेजर होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी तिकीट दिराकडे असाइन केलं.