काय घेणार?

पुतणी शिक्षणासाठी रोमला निघाली, तेव्हा आटपाडीच्या आमच्या घरी इटालियनचे धडे सुरू झाले. ‘कोझा प्रेंदे?’ म्हणजे ‘काय घेणार?’ पेयाविषयी विचारतानाही क्रियापद आपल्यासारखेच, घेण्याचे! वडीलधाऱ्यांना ‘प्रेंदे’, बरोबरीच्यांना ‘प्रेंदी’. ‘मी प्याचे इल काफ्फे’ हेही थेट ‘मला कॉफी आवडते’ असेच. गंमत एवढीच, की त्यांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. इंग्रजीपेक्षा ही भाषा मला जवळची वाटली.

पोरगी अडखळली ती पाण्यापाशी. तिकडे खानावळीत पाणीही विचारून देतात : ‘नातुराले ओ फ्रिझांते?’ साधे की फसफसणारे? माणदेशात टँकरची वाट पाहण्यात उन्हाळे काढलेल्या माझ्या आईला हे काही केल्या उमगेना. “पाण्याचं काय इचारायचं? तांब्या आधी म्होरं ठेवायचा, मग नाव पुसायचं.” नातीने निमूटपणे वहीतल्या ‘नातुराले’खाली रेघ ओढली.