चाळिसातला एक
रमजान आला की घरोघरी जकातीचा हिशेब निघतो. अडीच टक्के म्हटले की हात मोबाइलकडे जातो. आम्ही वर्गात मुलांना सांगतो, टक्का म्हणजे शंभरातला भाग. 2.5 छेद 100. अंश-छेदाला 10 ने गुणले की 25 छेद 1000. दोघांना 25 ने भागले की 1 छेद 40. हेच अतिसंक्षिप्त रूप. मग वर्षभर राहिलेल्या 4,00,000 रुपयांची जकात तोंडीच निघते : 10,000. उश्रचेही तसेच. पावसावरच्या पिकाचे 10 टक्के म्हणजे दहावा हिस्सा, पाणी ओढून पिकवलेल्याचे 5 टक्के म्हणजे विसावा. टक्के ऐकले की कपात वाटते. अपूर्णांक मात्र सरळ सांगतो : चाळिसातला हा एक आपला नाही, हकदाराचा आहे.