मुरलेल्या मद्याचा वर्ण

तांबडे द्राक्षमद्य वय वाढेल तसे फिकट होत जाते आणि तांदळाची जपानी साके गडद होत जाते, हे ज्याने दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहिले असेल त्याला काळ ही एकच शक्ती द्रव्यागणिक किती निराळे कार्य करते याची प्रतीती येईल. द्राक्षाच्या सालीतले रंगद्रव्य व तुरट द्रव्य परस्परांशी संयोग पावून हळूहळू तळाशी बसते, म्हणून जांभळी झाक ओसरून विटकरी कांती येते. साकेला रंग देण्यास साल नसतेच, परंतु तांदळातून उतरलेली शर्करा व अमिनो आम्ले एकमेकांवर प्रक्रिया करीत राहतात आणि आरंभी जवळजवळ वर्णहीन असलेले मद्य तीन वा अधिक वर्षे मुरून पिंगट होते. त्या जुन्या साकेस तेथे कोशू म्हणतात. तिचा घोट जिभेवर धरला म्हणजे प्रथम सुक्या अंजिराची गोडी, मागाहून आक्रोडाचा किंचित कडवटपणा आणि घोट गिळून झाल्यावरही घशात रेंगाळणारी जुन्या गुळाची खमंग चव जाणवते.

मला त्याहून अधिक विस्मय वाटला तो दाइगिंजो या उंची प्रतीचा. तिच्यासाठी तांदूळ इतका घासतात की मूळ दाण्याचा निम्मा वा त्याहूनही कमी भाग उरतो. बाहेरच्या थरातील प्रथिने व स्निग्धांश बव्हंशी निघून गेल्यामुळे, आणि मद्य शीतगृहात ठेवल्यामुळे, ते अनेक वर्षांनीही फिकेच राहते, केवळ कोवळेपणाची धार तेवढी मावळते.

आरम नदीकाठच्या आमच्या सटाण्यास द्राक्षमद्य करणाऱ्याने यातील शीतगृह ध्यानी घ्यावे. बागलाणची ख्याती आगाप, म्हणजे बाजाराच्या भाषेत अर्ली, अशा खाण्याच्या द्राक्षांची. मद्याच्या शिराझसारख्या जाती मात्र फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास उतरतात, आणि मद्य पिपात स्थिरावते न स्थिरावते तोच वैशाख येऊन ठाकतो. २२५ लिटरच्या ओकच्या पिपातून लाकडाच्या रंध्रांवाटे मद्य उडत असते. म्हणून नियमाने बूच काढून, पातळी बोटभर खाली गेलेली दिसताच, त्याच वाणाच्या मद्याने पीप काठोकाठ भरावे लागते, नाहीतर वरच्या पोकळीत हवा साचून मद्य आंबते. उष्म्याने मद्य लवकर मुरते असे कित्येकजण समाधान मानतात, ते मला साफ नामंजूर आहे: उष्म्यात मद्य शिजते आणि फळाचा मूळ गंध कायमचा जातो.

तेव्हा ज्या बागाईतदारांस मद्य मुरवण्याची उमेद आहे त्यांस माझी विनंती, की विलायती पिपांवर रक्कम खर्ची घालण्यापूर्वी त्यांनी बारमाही १२ ते १५ अंश सेल्सिअसवर राहील असे तळघर बांधावे.