काळे घर, पिवळे घर

नकाशे वाचण्याचा मला जुना नाद आहे. कादंबरी हाती घेतली की माझे डोळे मिटू लागतात. पण नकाशाची घडी उलगडली, की रात्र कशी सरते ते कळत नाही. तिकिटावाचून प्रवास, आणि तोही आरामखुर्चीत बसून! परंतु अलीकडे एका नकाशासंग्रहाने मला त्या खुर्चीत सुखाने बसू दिले नाही.

हा संग्रह लंडनचा, दुसऱ्या महायुद्धातल्या पडझडीचा. ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमानांनी त्या शहरावर लागोपाठ ५७ रात्री बॉम्ब टाकले. त्यानंतरही मे १९४१ पर्यंत हल्ले चालूच राहिले. लंडन कौंटी कौन्सिलच्या वास्तुशिल्प खात्यातल्या माणसांनी १९१६ सालच्या मोजणीवर आधारलेले ११० तक्ते पुढे ओढले आणि नुकसानीप्रमाणे एकेक इमारत हाताने रंगवली. समूळ नष्ट झाली ती काळी; दुरुस्तीपलीकडे गेली ती जांभळी; मग गडद तांबडी, फिकी तांबडी, नारिंगी; आणि नुसत्या हादऱ्याने किरकोळ इजा झाली ती पिवळी. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. त्यामुळे घरन् घर वेगळे दिसते.

रंग पाहावेत तर दिवाळीच्या रांगोळीत भरावेत असे! पण एखादी गल्ली घेऊन नीट पाहू लागलो, की जीव गलबलतो. एक घर काळे, त्याला लागून जांभळे, पलीकडचे पिवळे. एकाच दूधवाल्याची ही गिऱ्हाइके. मग हे काळे का, आणि ते पिवळे का? नकाशाच्या कोपऱ्यातली रंगांची सूची याबद्दल काही बोलत नाही.

हा प्रश्न लंडनकरांनाही पडला होता. १३ जून १९४४ पासून तिथे वैमानिकावाचून उडणारे बॉम्ब येऊ लागले. डोक्यावरची घरघर थांबली, की समजावे, तो आता खाली येणार! नकाशावर त्यांचे ठिपके मांडले, तर काही ठिकाणी घोस दिसत, काही जागा अगदी कोऱ्या. लोक म्हणू लागले, ‘शत्रू नेम धरून टाकतो आहे.’

आर. डी. क्लार्क नावाच्या विम्याच्या गणितज्ञाने १९४६ साली हा समज तपासून पाहिला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरांचा भाग घेऊन त्याने त्याचे ५७६ सारखे चौकोन पाडले. त्यांत पडलेले बॉम्ब ५३७. निव्वळ योगायोगाने किती चौकोन मोकळे राहावेत, हे सांगणारे पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाचे सूत्र आहे. सूत्र म्हणाले, २२७. मोजले तर २२९! एकेकच बॉम्ब पडलेले चौकोन सूत्राने २११, आणि प्रत्यक्षातही २११. शत्रूने नेम धरला होता तो शहरावर, घरावर नव्हे.

मी मूठभर ज्वारी घेऊन घरातल्या फरशीवर उधळून पाहिली. (“चिमण्यांची सोय केलीत वाटतं!” असे आतून ऐकून घ्यावे लागले.) कुठल्या फरशीवर चार दाणे, कुठल्या फरशीवर एकही नाही. सगळीकडे सारखे दाणे हवे असतील, तर ते हाताने मांडावे लागतात. ठिपक्यांच्या रांगोळीत अंतर सारखे असते, कारण तिथे हात असतो, हेतू असतो. योगायोगाला रांगोळी काढता येत नाही. तो घोसच पाडतो.

आणि आपण त्या घोसाला अर्थ चिकटवीत बसतो. माझ्या आत्याचा तरुण मुलगा अपघातात गेला, तेव्हा समाचाराला आलेल्या बायकांनी तिच्या व्रतांतल्या चुका हुडकून काढल्या होत्या. मुलगा गेल्याचे दुःख होतेच, त्यावर अपराधाचा हा बोजा! आत्या तो शेवटपर्यंत वाहत होती. आज ती असती, तर क्लार्कचे ते चौकोन मी तिच्यापुढे मांडले असते. “आत्या, तुला कुणी निवडलं नव्हतं गं,” एवढेच मला तिला सांगायचे होते.

लंडनवर बॉम्ब टाकणारे हात माणसांचेच होते. त्या पापाचा हिशेब त्यांच्याकडे. ज्यांची घरे काळी झाली, त्यांच्याकडे मात्र कसलाच हिशेब मागायचा नव्हता. नकाशा रंगवणाऱ्यांनी तो मागितला नाही. काय पडले आणि काय सावरता येईल, एवढेच त्यांनी पाहिले. त्यांचा फिका तांबडा रंग मला म्हणूनच फार आवडतो. त्याचा अर्थ असा: नुकसान गंभीर आहे, पण खर्च केला तर घर पुन्हा उभे राहील.

आत्याकडे येणाऱ्यांत एक शेजारीण अशीही होती, जी एक अक्षर बोलत नसे. झाकलेले ताट ठेवी, आत्या दोन घास खाईपर्यंत जवळ बसे, आणि रिकामे ताट घेऊन परत जाई.