सूप एका बाजूला

मेक्सिकन हॉटेल म्हटलं की पुण्या-मुंबईतली ठरीव सजावट डोळ्यांसमोर येते. भिंतीवर रुंद काठाची टोपी, कोपऱ्यात प्लास्टिकचं निवडुंग, गिटार घेतलेला मिशाळ गडी. खुद्द मेक्सिको सिटीत यातलं काही नसणार, हे ठाऊक होतं. पण तिथे जे दिसलं त्याने मी आणखीच वैतागले. रोमा नावाच्या झाडीदार, हौशी वस्तीत पहिल्या रात्री गेलो, तर करडं काँक्रीट, वायरीला लोंबणारे पिवळट दिवे आणि मेनूकार्ड वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागेल इतका अंधार. हे असलं बाणेरलाही मिळतं. त्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची काय गरज?

पुढचे दिवस संग्रहालयांनी खाल्ले. लुइस बारागान या वास्तुविशारदाचं १९४८ सालचं घर तेवढं लक्षात राहिलं. कोऱ्या रंगीत भिंतीवर ऊन कसं पाडून घ्यायचं, हे त्या माणसाला नेमकं कळत होतं.

मग भाचीने आम्हाला सोकालो चौकाजवळच्या एका जुन्या वाड्यात जेवायला नेलं. वेळ दुपारी तीनची. "इथे हीच जेवायची वेळ, मावशी," म्हणत तिने माझी कुरकुर आवरती घेतली. बाहेर गोंगाट, रस्त्यावरच्या पेटीवाल्याचं बेसूर गाणं. आत शिरलो तर चौक, वर आभाळ, मधोमध उंच झाडं आणि त्यांच्या सावलीत टेबलं. खुर्च्या एकिपाल पद्धतीच्या, म्हणजे खाली लाकडी पट्ट्यांची जाळी आणि वर कमावलेलं कातडं. बसल्यावर उठावंसं वाटत नाही. नवं काम सगळं काळ्या लोखंडात. कुठे जिना, कुठे कठडा. जुन्याची नक्कल करायचा प्रयत्न नाही. भिंतींचा गिलावा काढून आतला दगड उघडा ठेवलेला. लालसर, भोकाभोकांचा. मला थेट कोकणातला जांभा आठवला.

सूप आलं. तळलेल्या टॉर्टियाच्या पट्ट्या, टोमॅटो, सुक्या मिरचीचा खमंग वास. चमचा बुडवणार तोच जाणवलं, वाडग्यात सूप एका बाजूला काठाला भिडलंय आणि दुसऱ्या बाजूला बोटभर खाली आहे. आधी वाटलं, टेबलाचा पाय आखूड असेल. मग झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं, मग फरशीकडे. अख्खा चौकच रस्त्याच्या दिशेने उतरत गेला होता.

वाढपी पन्नाशीचा, गंभीर चेहऱ्याचा. त्याने माझं पाहणं पाहिलं, एप्रनच्या खिशात हात घातला आणि लाकडी पाचरी काढल्या. त्यांतली एक बोटांत घेऊन जोखली, नको म्हणून परत टाकली, दुसरी निवडली, वाकून पायाखाली सरकवली. सूप सरळ झालं. हे सगळं इतक्या सहज, जणू मीठ आणून ठेवावं.

मग मला राहवेना. भाचीला मध्ये घालून प्रश्न सुरू केले. हे शहर टेस्कोको सरोवरावर उभं आहे. पाण्यातल्या बेटावर अ‍ॅझ्टेकांची राजधानी होती. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी ती जिंकली आणि पुढे पाणी हटवून वर शहर वाढवलं. खालचा गाळ मऊ. त्याच्या खालून शहर पिण्याचं पाणी उपसतं, तसा तो दबत जातो, कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून हा दगड. तेसोंत्ले, ज्वालामुखीतला, पोकळ आणि हलका. अ‍ॅझ्टेकांनी तो देवळांना वापरला, स्पॅनिशांनी वाड्यांना. तरीही जमीन खचतेच. स्वातंत्र्याचा देवदूत म्हणतात तो १९१० चा स्तंभ खोल पायामुळे जागेवर राहिला, पण भोवतालचा रस्ता एवढा खाली गेला की चौथऱ्याला पुढे १४ पायऱ्या जोडाव्या लागल्या.

"मग नूतनीकरण करताना फरशी सपाट का नाही केली?" मी विचारलं. वाढप्याने खांदे उडवले. भाचीने त्याचं उत्तर सांगितलं: "म्हणतो, आज केली तर आजच्यापुरती."

सजावटीवरचं इतकं शहाणं मत मी कुठल्या मासिकात वाचलेलं नाही. असा वाडा आमच्याकडे कुणाच्या हाती लागता, तर आधी चकचकीत टाइल्स बसल्या असत्या आणि दारात बैलगाडीचं चाक आलं असतं.

पुढे मोले नेग्रो आलं. मिरच्या काळ्या होईतो भाजून, तीळ आणि चॉकलेट घालून शिजवलेला दाट रस्सा, कोंबडीवर ओतलेला. गोडसर, मग कडवट, मग उशिरा येणारा तिखटपणा. मला अतोनात आवडलं. नवऱ्याला चॉकलेट आणि कोंबडी हे लग्न काही पटलं नाही. त्याने आपली ताटली माझ्याकडे सरकवली आणि भात-घेवड्यावर जेवण भागवलं.

बिलावर पंधरा टक्के टीप ठेवायची तिथली रीत मला एरवी जाचते. त्या दुपारी विनातक्रार ठेवली. पाचर मारायची मजुरी धरली तर ती रास्तच होती.