सालंकृत

मार्चअखेर बँकेत साल संपवायची घाई असते आणि आमच्या घरी नेमकी त्याच दिवसांत साल वाचवायची. नागपुरी संत्र्यांचा मृग बहार तेव्हा मंडईत असतो आणि आईचं फर्मान सुटतं, "गर तुम्ही खा, साली मला द्या." त्या ती बारीक चिरते, उकडून कडू पाणी काढते आणि चिंच, गूळ, हिरवी मिरची घालून असं तोंडीलावणं करते की पोळी केवळ निमित्ताला उरते.

यंदा मला दुर्बुद्धी सुचली. एका झकपक दुकानातून परदेशी संत्री आणली. तुळतुळीत, तळपणारी! आईने एक उचललं, नखाने खरवडलं. नखात पांढरट कीस आला.

"अरे, हे संत्रं आहे की मेणबत्ती?"

मी पडलो बी. कॉम. वस्तूपेक्षा तिची नोंद पाहणारा. वाचून काढलं. फळाच्या अंगचं मेण धुण्यात जातं, मग ते सुकू नये म्हणून वरून पातळ लेप देतात. आपल्या कायद्याने मधमाश्यांचं मेण, ब्राझीलच्या कार्नौबा ताडाच्या पानांचं मेण आणि लाख, तिघांनाही मुभा आहे. फक्त लेबलावर तसं लिहायला हवं. लाख म्हणजे किड्यांनी फांदीवर सोडलेली राळ. पाकिटांवर तिची सीलं मारण्यात माझी उमेदवारी गेली. आई तर संत्री उपासाला खाते! तरी धीर करून सांगितलं.

"लाक्षागृहातून पांडव सुटले, एवढीशी साल सुटणार नाही होय?" म्हणत तिने कोमट पाणी आणि ब्रश घेतला.

"आई, मेण पोटात गेलं तरी बाधत नाही. पण त्यात कधीकधी बुरशीनाशक असतं. ते घासून सगळं जाईलच असं नाही."

तिचा हात थांबला. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या त्या बाईने आयुष्यात प्रथमच साली केराच्या टोपलीत टाकल्या. एक अक्षर बोलली नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी बँकेतून थेट मंडई गाठली. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळूनही ज्याच्या चेहऱ्यावर त्याचं तेज म्हणून दिसत नाही, असं मळकट, ठिपकेदार नागपुरी संत्रं शोधलं. नखाने खरवडून पाहिलं. विक्रेता म्हणाला, "साहेब, ही नोट नाही!"

संध्याकाळी घरभर वास दरवळला. वाटी पुढे सरकवत आई म्हणाली, "मुलगी सालंकृत द्यावी रे, संत्रं नको."

बँकेतलं साल कसंही जावो. घरातली वाया गेली नाही.